गाण्याची जागा

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये कधी बसलात, तर आसनगाव आलं की डावीकडच्या खिडकीतून बाहेर बघा. एक लांबलचक डोंगर आणि त्याच्या माथ्यावर उभे सुळके दिसतील. तो माहुली गड. 1636 साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी याच गडावर वेढलं होतं. आसनगावला उतरलं की शहापूर जवळच. तिथून दक्षिणेला सापगावचा पूल ओलांडून किन्हवली, सरळगाव करत गेलं की मुरबाड. ठाणे जिल्ह्यातले हे दोन शेजारी तालुके आम्ही गेले तीन महिने पालथे घालतोय. कशासाठी म्हणाल, तर एका गाण्यासाठी जागा शोधायला!

झालं असं. आमच्या सातवीच्या मुलांनी पाण्यावर एक गाणं रचलं. त्याचं ध्रुवपद असं :

भातसाई, तुझं पाणी दूर दूर जाई,
माझ्या आजीच्या हंड्याला थेंब का गं नाही?

चाल मुलांचीच, ढोलकीही मुलांचीच. मग कुणीतरी म्हणालं, "बाई, आपण याचा व्हिडिओ करू या का? मोबाईल आहे की!" लगेच सगळ्यांना उद्याच शूटिंग हवं झालं. पण मोबाईल हातात आला म्हणजे चित्रपट होत नाही. आधी तयारी लागते, आणि खरी मजा त्या तयारीतच असते.

आपल्या चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके आमच्या शेजारचेच म्हणायचे. कसारा घाट चढून नाशिकला गेलं की तिथून त्र्यंबकेश्वर जवळ. तिथे 1870 साली त्यांचा जन्म झाला. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट 3 मे 1913 रोजी मुंबईत लोकांसाठी लागला. पण त्याआधी, 1912 साली, त्यांनी काय केलं ठाऊक आहे? कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर ठेवला आणि रोज एक याप्रमाणे चित्रं टिपली. ती सलग दाखवली तर पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसे! 'अंकुराची वाढ' या छोट्या फिल्ममुळेच लोकांनी त्यांना पैसे द्यायची तयारी दाखवली. कॅमेऱ्याच्या कामात घाई चालत नाही, हे आमच्या मुलांना वाटाण्याच्या रोपाने पटवलं.

पहिलं काम घड्याळाचं. गाणं म्हणून पाहिलं तर 3 मिनिटं 12 सेकंद भरलं. मग प्रत्येक ओळीला किती सेकंद लागतात ते लिहिलं. नंतर कागदावर चौकटी आखल्या आणि कुठल्या ओळीला काय दिसणार, याची चित्रं काढली. सत्यजित राय यांनीही 'पथेर पांचाली'च्या वेळी असं चित्रांचं बाडच केलं होतं. आमच्या 24 चौकटी झाल्या. त्यांत धरण होतं, गड होता, धबधबा होता, बैलगाडी होती. सगळं होतं! आता या जागा प्रत्यक्ष बघायला हव्यात. याला सिनेमावाले 'रेकी' म्हणतात. आम्ही नाव ठेवलं 'जागापाहणी'.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही माहुलीच्या पायथ्याशी गेलो. बरोबर वही, होकायंत्र आणि भाकरी. एकीकडे होकायंत्र, एकीकडे घड्याळ. सकाळी आठला आमच्या पाठीमागून ऊन येत होतं आणि गडाचा कडा समोर लख्ख उजळला होता. संध्याकाळी मात्र सूर्य गडामागे गेला आणि तोच कडा काळाकुट्ट झाला. म्हणजे गड नीट दिसायला हवा असेल तर सकाळीच यायचं. वहीत नोंद झाली : 'माहुली, सकाळी 8 ते 10.'

गंमत म्हणजे मुरबाडला याच्या बरोबर उलटं. तिथे सह्याद्रीची मुख्य भिंत पूर्वेला. सूर्य डोंगरामागून उगवतो, त्यामुळे सकाळी कडे सावलीत, आणि दुपार कलली की सगळी भिंत सोनेरी. शेजारशेजारचे तालुके, पण एकाचा डोंगर सकाळी उजळतो आणि दुसऱ्याचा दुपारी! भूगोलाच्या तासाला दिशा शिकवताना इतकं चटकन कुणाला कळलं नव्हतं.

मुरबाडला आम्ही गेलो ते पौष पौर्णिमेच्या सुमारास, म्हशाच्या यात्रेला. म्हसा हे मुरबाडच्या दक्षिणेचं गाव. तिथला बैलबाजार प्रसिद्ध. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, पाळण्यांची करकर, पिपाण्या, घोंगड्या विकणाऱ्यांच्या आरोळ्या. मी मुलांना सांगितलं, "आज डोळे मिटा आणि फक्त ऐका." कारण व्हिडिओत निम्मं काम कानाचं असतं. पाच मिनिटांनी एकजण म्हणाला, "बाई, इथे आपलं गाणंच ऐकू येणार नाही."

अगदी बरोबर! म्हणूनच गाण्याचं ध्वनिमुद्रण आधी वेगळं करतात आणि शूटिंगच्या वेळी ते वाजवून त्यावर ओठ हलवतात. आमच्या वर्गात बोललं की आवाज घुमतो. तो घुमू नये म्हणून भिंतींवर घोंगड्या लावायचं ठरलं. जाड लोकर आवाज पिऊन टाकते. वाडीवरच्या आजीबाईंकडून चार घोंगड्या उसन्या मिळाल्या. एका कडव्यात तारपाही हवा होता. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचं पान यांचं हे वारली वाद्य. तारपावाले काका म्हणाले, "पेटीची पट्टी बदलते, माझ्या तारप्याची नाय बदलत." मग काय, सगळ्या गाण्याची पट्टी तारप्याला जुळवून घेतली.

म्हशाहून परत मुरबाडला येऊन आम्ही माळशेज घाटाच्या रस्त्याने वैशाखऱ्यापर्यंत गेलो. तिथून नाणेघाटाची वाट चढते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कोकणातल्या बंदरांतून माल घेऊन व्यापारी याच वाटेने जुन्नरकडे जात. वर गुहेत ब्राह्मी शिलालेख आहे आणि जकातीसाठी होता असं सांगतात तो दगडी रांजणही. शेवटचं दृश्य तिथेच घ्यायचं, असा ढोलकीवाल्याचा हट्ट होता. आम्ही वहीत हिशेब मांडला : चढायला निदान तीन तास, पाठीवर ढोलकी, वर सोसाट्याचा वारा, उतरताना अंधार. ढोलकीवाल्याने स्वतःच पेन्सिल घेतली आणि ती चौकट खोडली. गाण्यात नाणेघाट दिसेल, पण खालून, दुपारच्या उन्हात.

आता गाण्याच्या मुख्य विषयाकडे येऊ. पाण्याकडे.

मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांत तानसा आणि भातसा हे दोन मोठे तलाव शहापूर तालुक्यातले. तानसा धरण 1892 सालचं. तिथून निघालेल्या जुन्या जलवाहिन्यांतल्या काही 72 इंच व्यासाच्या, म्हणजे सहा फूट! आत मोठा माणूस ताठ उभा राहील. भातसा तर मुंबईच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकटं सांभाळतं. भातसाचं पाणी आधी नदीतूनच वाहत जातं. पुढे भिवंडी तालुक्यात पिसे इथे ते उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करून मुंबईला पाठवतात. म्हणजे सापगावच्या पुलावर उभं राहिलात तर मुंबईच्या नळाकडे निघालेलं पाणी तुमच्या पायांखालून जात असतं!

आणि त्याच तालुक्यात, मार्च उजाडला की कितीतरी पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात. असं का? इथे पाऊस धो धो पडतो. पण जमिनीखाली काळा, कठीण कातळ. त्यात पाणी फारसं मुरत नाही. उतारावरून ते धावत खाली नदीला मिळतं. पाडे उंचावर आणि धरणं खोलात. खालचं पाणी वर न्यायला पंप हवेत, टाक्या हव्यात, वीज हवी, पैसा हवा. शहरासाठी हे सारं उभं राहिलं. पाड्यांपर्यंत मात्र ते अजून पुरतं पोचलेलं नाही. म्हणून टँकरची वाट बघणं आलं.

धरणाची चौकट आम्ही आधीच बदलली होती. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय कॅमेरा चालत नाही. माहुली आणि तानसाचं जंगल तर अभयारण्यात मोडतं, म्हणून तिथल्यासाठी वनखात्याला अर्ज द्यायचा. अर्ज मुलांनीच लिहिला. मराठीच्या पुस्तकातलं पत्रलेखन पहिल्यांदाच खऱ्या पाकिटात गेलं. धरणाऐवजी सापगावच्या पुलाजवळचा नदीचा काठ पक्का झाला.

मार्चमध्ये आम्ही एका वाडीवर गेलो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दोन हंडे अशा बायका ओढ्याकडून येत होत्या. ओढा कोरडा होता. पात्रात खणलेल्या डवऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरणं चाललं होतं. आमच्या कॅमेरावालीचे डोळे चमकले. 'आजीच्या हंड्याला' या ओळीची चौकट समोर चालत येत होती. मी म्हटलं, "आधी विचार."

तिने विचारलं. "मावशी, तुमचा व्हिडिओ काढू का? एप्रिलमध्ये येऊ. गाण्यासाठी."

मावशींनी हंडे उतरवले. जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाय, माझ्या पोराचं लगीन जमवायचंय. हितं पाणी नाय म्हणून पोरी कोण देत नाय. तू माझं त्वांड असं दाखवलंस तर गावोगाव दिसंल. मंग?"

कुणीच काही बोललं नाही. परतीच्या वाटेवर मात्र वाद जुंपला. एकजण म्हणाला, "खरं आहे ते दाखवायला काय हरकत?" दुसरी म्हणाली, "खरं त्यांचं आहे, आपलं नाही." कुणी म्हणालं, "मग आपल्यातलीच कुणीतरी हंडा घेऊन चालेल." लगेच तिसरा ओरडला, "ते नाटक वाटेल!" मी मध्ये पडले नाही. मुलांचं गाणं, मुलांचा प्रश्न.

सोमवारी वर्गात चौकट पुन्हा काढली. तोंड नाही. कोरड्या वाटेवर पडलेल्या हंड्यांच्या लांब सावल्या. भेगाळलेल्या टाचा. डवऱ्यात बुडणाऱ्या वाटीचा खरवडल्यासारखा आवाज. त्या ओळीला ढोलकी थांबवायची आणि फक्त हा आवाज ठेवायचा. सावली लांब हवी तर सकाळी सातच्या आत पोचायला हवं, हे होकायंत्रवाल्याने सांगून टाकलं. नवी चौकट घेऊन चौघे पुन्हा वाडीवर गेले. मावशींनी कागद हातात धरून निरखून बघितला आणि म्हणाल्या, "ह्ये चालंल. पण झाल्यावर पयलं आमाला दाखवायचं."

आता चौकटी उरल्यात 18. आणखी एक अडचण आहे, ती ऋतूची. गाण्याचं पहिलं कडवं पावसाचं, दुसरं उन्हाळ्याचं. 'पथेर पांचाली'त काशफुलांचं रान आहे. ते दृश्य राय यांनी अर्धं टिपलं आणि पुढच्या खेपेला जाऊन बघतात तो गुरांनी फुलं खाऊन टाकलेली! फुलं पुन्हा फुलेपर्यंत त्यांना पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागली. आम्हालाही दोन मोसम हवेत. म्हणून दिनदर्शिकेवर दोन लाल वर्तुळं काढली आहेत : एक एप्रिलमधल्या रविवारी, दुसरं जूनच्या शेवटच्या रविवारी. जूनमध्ये ही मुलं हायस्कूलला गेलेली असतील, वेगवेगळ्या गावांना पांगलेली. तरी "आम्ही येणारच," असं सगळ्यांनी वहीत सही करून दिलं आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर सामानाची यादी आहे : मोबाईल पूर्ण चार्ज, वीज गेली तर म्हणून पॉवर बँक, कॅमेरा हलू नये म्हणून बांबूची तिकाटी, पाण्याच्या बाटल्या (पाणी घरून भरून न्यायचं, वाडीवर मागायचं नाही!), आणि कुणी कुठल्या रंगाची रिबीन लावायची त्याची नोंद. नाहीतर एका ओळीत लाल आणि पुढच्या ओळीत निळी व्हायची!

पहिला खेळ वाडीवरच होईल. समाजमंदिराच्या भिंतीला पांढरी चादर लावायची आणि पुढच्या रांगेत मावशींना बसवायचं, हेही लिहून ठेवलं आहे.

तुमच्या गावावरही एखादं गाणं असेलच. नसेल तर रचा. मग एक वही, एक पेन्सिल घ्या आणि बाहेर पडा. ऊन कुठून येतं ते बघा, आवाज कुठले येतात ते ऐका, आणि ज्यांचं चित्र काढायचं त्यांना आधी विचारा. कॅमेरा काय, तो शेवटी लागतो.