दिव्याखालचें पोवळें

दिवा घट दाखवितो, घट घडवीत नाहीं. कारक हेतु आणि ज्ञापक हेतु यांतील भेद सांगतांना हा दृष्टांत मीं चौतीस वर्षें फळ्यापुढें उभें राहून दिला. कुंभार, चाक आणि माती यांच्यामुळें घट होतो. दिव्यामुळें तो केवळ दिसतो. मुलांना तें चटकन् पटे, आणि मलाही त्यांत कधीं खोट दिसली नाहीं. त्याच दृष्टांतावर विसंबून २०२४ सालच्या उन्हाळ्यांत परदेशीं माझ्या हातून एक अपराध घडला. त्यांत एवढें मोठें काय झालें, असें घरचीं सर्व मंडळी म्हणतात. ज्याचें नुकसान झालें तो नातू मात्र तसें म्हणाला नाहीं, आणि त्याचेंच मला बरें वाटलें.

माझे चिरंजीव नोकरीनिमित्त न्यू जर्सींत राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां सहा महिने तिकडे गेलों होतों. दिवाणखान्यांत शिरतांच समोर सुमारें २०० लिटर खाऱ्या पाण्याची कांचेची टाकी. मासे त्यांत चारपांचच. खरी मांडणी होती ती पोवळ्यांची, आणि ती सारी दौलत पंधरा वर्षांच्या नातवाची. (आपल्याकडे असें सहसा पाहावयास मिळणार नाहीं. प्रवाळभित्ति बांधणारीं पोवळीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत, आणि तीं आपल्या समुद्रांतून काढणें हा गुन्हा आहे, हें योग्यच झालें. नातवाचीं पोवळीं समुद्रांतून काढलेलीं नव्हतीं. आपण गुलाबाचीं कलमें लावतों त्याप्रमाणें दुसऱ्या छांदिष्टांच्या टाक्यांत वाढलेल्या फांद्यांचे तुकडे आणून त्यानें लाविले होते.)

पोवळें म्हटलें कीं आपणांस अंगठींतील तांबडा खडा आठवतो. आमच्या सौभाग्यवतींच्या बोटांत त्यांच्या आईनें दिलेलें पोवळें आहे. लग्नाच्या दिवशीं त्याचा जो रंग होता तोच आजही आहे. मीं तें नातवापुढें धरून म्हटलें, "रंग असावा तर असा!" त्यानें सांगितलें कीं तें भूमध्य समुद्रांतल्या जातीचें पोवळें, तें अंधाऱ्या कपारींत वाढतें, त्याला उजेडाची गरज नाहीं, आणि त्याची लाली त्याच्या सांगाड्यांतच मुरलेली असते. "आजोबा, माझ्या पोवळ्यांचे सांगाडे पांढरे आहेत. रंग आहे तो वरच्या जिवंत कातडीचा."

या वाक्याचा खरा अर्थ मला पुढें दीड महिन्यानें कळला.

संस्कृतांत 'प्रवाल' हा शब्द रत्नासाठीं येतो, तसाच कोंवळ्या पालवीसाठींही येतो. प्राचीनांनीं पोवळें ही वनस्पतीच मानिली. अठराव्या शतकांत पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें हा प्राणी आहे असें सांगितलें तेव्हां मोठमोठ्या पंडितांनीं त्याची थट्टा केली. पेसोनेल खरा ठरला. परंतु पालवी म्हणणारेही अगदींच चुकले नव्हते, असें मला आतां वाटतें. कारण या जातींच्या पोवळ्यांच्या मांसांत लक्षावधि सूक्ष्म, एकपेशीय शैवालें वस्तीला असतात. तीं दिवसभर प्रकाशावर आपलें अन्न तयार करतात आणि त्यांतला मोठा वाटा घरधन्याला देतात. घरांत राहून घरधन्यालाच पोसणारा पाहुणा एकत्र कुटुंबांतही विरळाच!

हें शैवाल तपकिरी असतें. प्रकाश तोकडा पडला कीं मिळेल तेवढा उजेड टिपण्यासाठीं तें अधिक गडद होतें आणि सगळेंच पोवळें मातकट दिसूं लागतें. हिरवा, गुलाबी, जांभळा, निळा हे जे मोहक रंग, ते बहुतेक पोवळ्याचे स्वतःचे. तीं त्याच्या शरीरानें बनविलेलीं प्रथिनें आहेत. प्रकाश वाढला, त्यांतही निळा प्रकाश वाढला, कीं अनेक जातींचीं पोवळीं हीं प्रथिनें अधिक बनवितात. उथळ पाण्यांतल्या प्रखर उन्हांत आंतल्या शैवालावर धरलेली ती जणूं छत्री. निळ्यालाच एवढें महत्त्व कां, तर समुद्राचें पाणी तांबडा प्रकाश पहिल्या कांहीं मीटरांतच गिळून टाकतें आणि निळा सर्वांत खोल जाऊं देतें. म्हणून टाकीवरच्या एलईडी दिव्यांतही निळ्याचाच भरणा अधिक होता.

संध्याकाळीं नातू पांढरा प्रकाश बंद करून केवळ निळा ठेवी. मग जें पोवळें दुपारीं फिकट शेवाळी दिसे तें काजव्यासारखें हिरवेगार पेटे. पण काजव्याचा उजेड त्याचा स्वतःचा असतो; हीं प्रथिनें निळा किरण शोषून तोच हिरवा करून परत देतात. जेलीफिशमधील अशा हिरव्या प्रथिनाचा शोध १९६२ सालीं शिमोमुरा यांनीं प्रसिद्ध केला, आणि त्याबद्दल २००८ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वाटा मिळाला, हेंही मला त्या पोरानेंच सांगितलें.

"म्हणजे तुझा दिवा ज्ञापक झाला," मीं म्हटलें आणि घटाचा दृष्टांत सांगितला.

त्यानें क्षणभर विचार केला. "दाखवणारा पण आहे, आजोबा, आणि बनवणारा पण."

मीं तें पोरवयाचें बोलणें समजून सोडून दिलें.

जुलैंत तो चार आठवडे अभ्याससहलीला जाणार होता. जाण्याच्या आधीं आठ दिवस त्यानें साठविलेल्या पैशांतून अ‍ॅक्रोपोरा जातीची वीतभर फांदी आणली होती. ती तपकिरी, ओबडधोबड. वाळलेल्या तुळशीच्या काडीसारखी. दोन महिन्यांनीं ती जांभळी होईल, असें तो म्हणे. प्रकाश मोजण्याचें यंत्र त्यानें कोणा मित्राकडून आणलें होतें. त्यावर फांदीपाशीं १२० चा आंकडा होता. (उष्ण कटिबंधांत भर दुपारीं समुद्राच्या पृष्ठभागावर हाच आंकडा २००० च्या आसपास जातो.) दर आठवड्याला थोडाथोडा वाढवून तो २५० वर न्यावयाचा, असा त्याचा बेत. परत येईपर्यंत मात्र दिवा आहे तसाच ठेवा, आटेल तेवढें गोडें पाणी तेवढें घाला, एवढेंच मला सांगून तो गेला.

दुसऱ्याच रविवारीं तेथील मराठी मंडळी जेवावयास यावयाची होती. ती काडी माझ्या डोळ्यांत सलूं लागली. दिव्याची कळ मोबाईलवर होती, आणि चिरंजीवांनीं ती मला दाखवून ठेविली होती. दिवा केवळ दाखवितो, मग जरा अधिक दाखवूं द्या, अशा विचारानें मीं तीं दोन्ही बोटें, पांढरें आणि निळें, शेवटपर्यंत सरकविलीं. टाकी लखलखली. मंडळींनीं वाहवा केली. दिवा मीं तसाच राहूं दिला.

पहिल्या आठवड्यांत फांदीचा तपकिरी रंग उतरला. तिसऱ्या आठवड्यांत ती अशी कांहीं फुलली कीं मी सूनबाईंना हाक मारून बोलाविलें. शेंड्याला जांभळा, खालीं गुलाबी, आणि सगळ्यांत आंतून दिवा लावावा तशी झळाळी! नातवाला जें दोन महिन्यांत साधणार होतें तें मीं तीन आठवड्यांत साधलें, असें मनांत म्हणून मीं छायाचित्र पाठविलें.

पांच मिनिटांत त्याचा फोन आला. "आजोबा, दिवा किती आहे?"

मीं आंकडा सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग अगदीं हलक्या आवाजांत तो म्हणाला, "बाबांना सांगा ना, आत्ता कमी करायला. ती आजारी आहे."

प्रकाश सोसवेनासा झाला कीं शैवालाची अन्न बनविण्याची यंत्रणा बिघडते आणि प्राणवायूचीं दाहक रूपें निर्माण होतात. मग पोवळें आपल्या पोशिंद्याला बाहेर लोटतें. कातडी पारदर्शक होते आणि खालचा पांढरा सांगाडा दिसूं लागतो. तो पांढरा सांगाडा प्रकाश उलट परतवितो. तो टिपणारें शैवाल उरलेलें नसतें. त्या वाढलेल्या निळ्या प्रकाशानें पोवळें आपलीं रंगीत प्रथिनें भराभर बनवूं लागतें. साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० सालीं हें दाखवून दिलें. त्यांच्या मतें ही झळाळी म्हणजे पोवळ्यानें पांघरलेलें छत्र आहे; शैवालानें परत यावें म्हणून केलेली सोय. म्हणजे मी ज्याला बहर म्हणत होतों ती पोवळ्याची धडपड होती. समुद्रांत पाणी तापलें कीं मैलोगणती हेंच होतें. ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभित्तीवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या सालीं तें झालें. बुडी मारणारे लोक त्यांतल्या कांहीं जागांचीं सुंदर छायाचित्रें घेऊन येतात. तीं पाहिलीं कीं मला माझें छायाचित्र आठवतें.

नातू परत आला तो बॅग खालीं ठेवण्यापूर्वींच टाकीपाशीं गेला. यंत्र लाविलें, मी दिवा चढविला होता तेव्हां फांदीपाशीं ३८० पर्यंत आंकडा गेला होता असा त्याचा हिशेब निघाला. तो रागावला नाहीं. मला म्हणाला, "तुम्हांला मी नीट सांगायला हवं होतं." यावर काय बोलावें हें मला सुचेना. वर्गांत असें म्हणण्याची पाळी माझ्यावर अनेकदां आली असेल. मीं तें कधीं म्हटल्याचें स्मरत नाहीं.

आम्ही परत निघेपर्यंत फांदीचा शेंडा बोटभर मेला होता आणि त्यावर हिरवें शेवाळ चढलें होतें. नातवानें तो भाग कातरून काढला आणि उरलेली फांदी टाकीच्या तळाशीं, सावलींत ठेविली. मधले महिने मीं विचारण्याचें धैर्य केलें नाहीं. २०२५ च्या जानेवारींत त्यानें आपणहून एक छायाचित्र पाठविलें. त्यांत तीच फांदी होती, आंखूड झालेली. आणि बुडापासून टोंकापर्यंत मळकट, गडद तपकिरी. खालीं त्यानें लिहिलें होतें, "आजोबा, बघा किती छान रंग आलाय!"