सरकीसकट कापूस

'सोपे' हे विशेषण मराठी साहित्यव्यवहारात फारसे प्रतिष्ठेचे नाही. कवितेला सोपी म्हटले की कवी दुखावतो आणि प्रश्नपत्रिकेला सोपी म्हटले की प्राध्यापक. बालशिक्षणात मात्र या शब्दाला विलक्षण भाव आला आहे. सोपे विज्ञानप्रयोग, सोपी रांगोळी, सोपी हस्तकला अशा याद्यांना तोटा नाही. सोपे म्हणजे कोणाला सोपे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आम्हांला हा प्रश्न ईस्टरच्या निमित्ताने पडला आणि तोही वऱ्हाडात. म्हणून तो थोडा तपशिलाने मांडावासा वाटतो.

आमचे घर अकोल्यात आणि नोकरी अमरावतीत. दोन्ही शहरांत ख्रिस्ती संस्थांच्या शाळा आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून निघालेल्या इंग्रजी शाळा गल्लोगल्ली आहेत. मार्च लागला की पहिली-दुसरीच्या पालकांच्या मोबाइलवर एक यादी येते. कागदी पेल्याचा ससा, चमकी लावलेले पुठ्ठ्याचे अंडे, कागदी ताटलीचे पिवळे पिल्लू, कापूस चिकटवलेले कोकरू. सोबत छापून घ्यायचे आराखडे असतात. मुलाने करायचे एवढेच की ठिपक्यांच्या रेषेवर कातरायचे आणि सांगितलेल्या जागी चिकटवायचे. कातरणे सहा वर्षांच्या हाताला जमत नाही म्हणून ते आई करते; चिकटवणे जमते, पण वाकडे होते, म्हणून तेही आईच करते. रात्री साडेदहाला कोकरू तयार होते आणि मूल त्यापूर्वीच झोपी गेलेले असते.

यावर आमच्या परिचितांतला ठरलेला आक्षेप असा, की मुळात हा सण आपला नाही. आम्हांला हा आक्षेप टिकाऊ वाटत नाही. ईस्टरची तारीख ठरवण्याची रीत पाहिली तर तो आपल्या पंचांगाचा चुलतभाऊ शोभावा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान, बहुधा फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या मागोमाग. २०२४ मध्ये धुळवड २५ मार्चची आणि ईस्टर ३१ मार्चचा; २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलची आणि ईस्टर ५ एप्रिलचा. शिवाय साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी हे सांगायला नको, की येशूची कथा मराठीत ओवी लेऊन आली. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण १६१६ साली छापलेले त्यांचे 'क्रिस्तपुराण' आपण मराठी ग्रंथ म्हणूनच शिकवतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी हीच कथा अभंगात आणि कीर्तनात नेली. या दोघांनी युरोपातला आराखडा छापून घेऊन त्यावर मराठी शब्द चिकटवले नाहीत. इथल्या श्रोत्याच्या हाताशी जे छंद होते त्यांतच त्यांनी कथा नव्याने घडवली. तेव्हा यादीतील सण परका असल्याची आमची तक्रार नाही. तक्रार भाषांतराची आहे, आणि कापसाच्या कोकराने ती आमच्यापुढे उघड केली.

आमच्या शेजारी एक आजी नातवाला घेऊन राहतात. मुलाचे आईवडील मूर्तिजापूरकडच्या एका गावी शेती करतात. मुलगा इंग्रजी शाळेसाठी अकोल्यात. कोकरासाठी कापूस आणायला सांगितल्यावर त्याने गावाकडून आलेला कापूस नेला. मार्चमध्ये तो घरात असणे स्वाभाविकच होते; भाव वाढेल या आशेने पुष्कळ घरांत वेचलेला कापूस उन्हाळ्यापर्यंत पडून असतो आणि घरातली माणसे अंग खाजवत त्याच्या शेजारी निजतात. हा कापूस सरकीसकट होता, त्यात वाळल्या पानांचा चुरा होता. शाळेत तो घाणेरडा ठरला. मेडिकलच्या दुकानातून पांढरा कापूस आणावा, अशी वहीत लेखी सूचना आली. आजींनी ती आमच्याकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, "घरात कापसाचा ढीग पडेल हाये अन् मेडिकलातून कापूस इकत आनाचा? कोनतं शिक्षन होय बाप्पा हे?" मुलाचे म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध होते. उन्हाळ्यात त्यांच्या शेतात धनगरांची मेंढरे बसतात, ती त्याने जवळून पाहिली होती. तो म्हणाला, "मेंढराच्या अंगाले बी कचरा रायतेच."

या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. त्या वर्गात खरे कोकरू पाहिलेला आणि खरा कापूस वेचताना पाहिलेला बहुधा तोच एकटा होता, आणि कापसाचे कोकरू करण्यात नापास ठरला तोही तोच.

दोन कापसांतला फरकही समजून घेण्याजोगा आहे. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो, म्हणून तो पाण्यावर टाकला तर तरंगत राहतो. मेडिकलचा कापूस अल्कलीत उकळून आणि विरंजन करून हे मेण काढून टाकलेला असतो. तो पाणी पितो आणि बुडतो. दोन वाट्या आणि दोन पुंजके एवढ्या साहित्यात दुसरीतल्या मुलाला हे दाखवता येते. पुढे सरकी कशाला म्हणतात, ती काढतात कशी, तिचे तेल आणि ढेप कोणाच्या पोटात जाते, हे प्रश्न आपोआप येतात. त्याहून मोठ्या मुलांना सांगता येईल, की १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी जगाचा बाजार मिळाला. आणि ज्या मूर्तिजापूरहून हा पुंजका आला, तिथून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे कापूस वाहण्यासाठीच घातली गेली होती. एवढा सगळा पाठ त्या पुंजक्यात होता, आणि तो कचरा म्हणून परत आला.

हे म्हणणे नवे नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथून जवळच, वर्ध्यात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली तिचे सूत्र हेच होते, की हस्तव्यवसाय हा वेळापत्रकातला एक विषय नसून इतर विषय शिकण्याचे साधन आहे. झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला आणि मुलांच्या हाती टकळी आली. पुढे ठिकठिकाणी ती टकळीही सक्तीचा कंटाळवाणा तास होऊन बसली, हे विसरू नये. देशी साहित्य हाती दिले की शिक्षण आपोआप जिवंत होते, असा भाबडेपणा आमचा नाही. टकळी काय किंवा कागदी ताटली काय, हाताच्या कामातून प्रश्न निघाला नाही तर दोन्ही सारखीच.

अंड्याची कथा याहून बोचरी आहे. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य होती. कोंबड्या मात्र उपवास पाळत नसत. साठलेली अंडी सणाला रंगवून एकमेकांना दिली जात आणि मग खाल्ली जात. म्हणजे रंगवलेले अंडे हे आधी अन्न होते, उपवास सुटल्याची खूण होती. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबवला. तेव्हा खाजगी शाळेच्या भिंतीवर पुठ्ठ्याचे चमचमते अंडे आणि सरकारी शाळेच्या ताटातून गेलेले खरे अंडे, ही दोन्ही एकाच गावातली चित्रे होत. पुठ्ठ्याच्या अंड्यावर कोणाचा आक्षेप येत नाही, कारण ते कोणाच्या पोटात जात नाही. असो.

टीका करून हात झटकणे हा आमच्या व्यवसायाचा दोष आहे, म्हणून त्या वर्षी गल्लीतल्या पाच-सहा मुलांना आम्ही आमच्या ओट्यावर बसवले. कांद्याची टरफले उकळून तपकिरी पाणी केले आणि त्यात थोडे व्हिनेगर घातले. आम्लाने कवच किंचित खरबरीत होते आणि रंग धरतो. अंड्यावर कोथिंबिरीचे पान ठेवून ते जुन्या मोज्यात घट्ट बांधले आणि त्या पाण्यात उकडले. काढल्यावर पानाची फिकट आकृती उमटलेली. दुसरे अंडे उकडून, पांढऱ्या मेणबत्तीने त्यावर रेघा ओढून, हळदीच्या गार पाण्यात ठेवले. पाणी गरम असते तर मेण वितळले असते, हे मुलांनीच शोधले. युक्रेनमध्ये मेण लावून अंडी रंगवण्याची मोठी कला याच तत्त्वावर उभी आहे. एका मुलीच्या घरी अंडे चालत नाही. तिने कवठ आणले, त्यावर चुन्याने ठिपके काढले आणि दुसऱ्या दिवशी त्याची गूळ घालून चटणी झाली. अंडी मुलांनी तिथेच सोलून मिठासोबत खाल्ली.

धांड्याच्या बैलगाडीचा बेत मात्र फसला. ज्वारीच्या धांड्याची साल सोलून तिच्या काड्या आणि आतल्या मऊ गराचे तुकडे यांची गाडी करणे हा वऱ्हाडातल्या मुलांचा जुना खेळ; भुलाबाईचा मांडवही धांड्यांचाच. पण शिवारात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आहे आणि सोयाबीनला धांडा नसतो. आपल्या मातीतली म्हणून जी हस्तकला आपण मिरवतो तिचे साहित्यही पीकपद्धतीबरोबर जाते. आज अकोल्यातल्या मुलाला धांड्यापेक्षा कागदी पेलाच सोपा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

शेवटचे काम बियांचे होते. शुक्रवारी संध्याकाळी करवंट्यांत ओला कापूस घालून त्यावर भिजलेले मेथीदाणे पसरायचे आणि रविवारी सकाळी पाहायचे. ईस्टरच्या कथेत शुक्रवारी पुरलेले रविवारी उठते. योहानाच्या शुभवर्तमानात जमिनीत पडलेल्या गव्हाच्या दाण्याची उपमा आहे, आणि नवरात्रात घटाखाली धान पेरणाऱ्या घरांतल्या मुलांना ती समजावून सांगावी लागली नाही. इथे मेडिकलचा कापूस उपयोगी पडला. गावाकडचा कापूस पाणी धरेना, दाणे कोरडे राहिले. तेव्हा त्या मुलाने कोणी न सांगता कापूस बदलला. आपल्या कापसातल्या चार सरक्या सोडवून त्याने मातीच्या कुंडीत खोचल्या.

रविवारी मेथीला मोड आले. सरकीचे काहीच दिसेना. तिला आठवडाभर लागला आणि मग दोन रोपे सरकीचे टरफल डोक्यावर घेऊन वर आली. तोवर शाळेतले प्रदर्शन संपून कोकरे भिंतीवरून उतरली होती. प्रकल्पवहीत या कामाला रकाना नव्हता, त्यामुळे गुणही मिळाले नाहीत. आपल्यापैकी जे अध्यापक विद्यालयांत शिकवतात, किंवा ज्यांच्या वर्गांतून उद्याचे शिक्षक बाहेर पडतील, त्यांना आमचे सांगणे इतकेच, की 'सोपे' हा शब्द लिहिण्यापूर्वी मुलाच्या घरात काय पडले आहे ते एकदा विचारावे.