पडल्यावर उठायचं कसं?

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. पुण्याच्या भाचीने फोनवर विचारलं, "मामा, तुमच्या म्हाताऱ्यांच्या शाळेचं काय झालं?" म्हणून हे.

शाळा चालू आहे. पारशिवनीत, देवळाच्या सभामंडपात, सकाळी सहाला. पटावर २३, हजेरी चौदा-पंधरा. धानाच्या रोवणीत आणखी कमी (सत्तरीतला माणूसही बांधावर जाऊन उभा राहतोच). मी योगासनं शिकलो ती नागपूरला, रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात. १९५१ साली स्थापन झालेल्या या मंडळाचे वर्ग विनामूल्य असतात. तोच नियम मी इथे लावला. पण मास्तरकीची खोड जाते का? सगळ्यांना रांगेत बसवून मोजणी सुरू! गुडघे दुखणाऱ्याला दहा, बायपास झालेल्यालाही दहा.

ऐंशीच्या एक आजी (सगळं गाव त्यांना आजीच म्हणतं) कधी गैरहजर नसत. एका दुपारी त्या मोरीजवळ घसरल्या. हाड मोडलं नाही, पण घरचे सगळे शेतात, आणि यांना उठता येईना. संध्याकाळी मुलगा येईपर्यंत ओल्या फरशीवर पडून होत्या. भेटायला गेलो तर म्हणाल्या, "गुरुजी, तुमी हात वर कराले शिकवलं, श्वास घ्याले शिकवलं. पडल्यावर उठाले कुठं शिकवलं?"

त्या रात्री झोप आली नाही.

नंतर वाचलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. म्हणजे आजींचा प्रश्न अभ्यासक्रमातलाच होता, मीच गाळला होता!

आता खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीला बोटं लावून एका पायावर उभं राहणं, हे रोज. आणि जमिनीवरून उठणं. आधी पडल्या पडल्या थोडं थांबायचं, कुठे जास्त दुखत असेल तर हलायचं नाही, हाक मारायची. नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर भार द्यायचा, रांगत खुर्चीशी जायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवून बरा पाय पुढे रोवायचा आणि मग उठायचं. प्लास्टिकची खुर्ची सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवलेली. गुडघ्यांखाली गोधडीची घडी. मोजणी बंद, ज्याला जेवढं झेपेल तेवढं. एक निवृत्त साहेब मात्र चारचौघांत रांगायला अजून तयार नाहीत. असो.

आजी दोन महिन्यांनी आल्या. "मले भेव लागते," म्हणत आठवडाभर नुसत्या बघत बसल्या. परवा स्वतःहून गोधडीवर आडव्या झाल्या. मी हात पुढे केला तर डोळे वटारले. दोनदा खुर्चीपर्यंत जाऊन परत बसल्या. तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मांडा आता हजेरी."