घाटाखाली 14 किलो, घाटावर 12!

बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला ‘गाव कुठलं?’ विचारलंत, तर तालुक्याच्याही आधी एक गोष्ट कळते. घाटाखालचा की घाटावरचा! मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हे सगळं घाटाखाली. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मधे अजिंठ्याच्या डोंगररांगेची पायरी. खालची मंडळी वर येतात ती कोर्टकचेरीच्या कामाला, नाहीतर पोरांच्या ॲडमिशनला. आम्ही दोघं गेलो ते सायकलींचं वजन करायला.

हसू नका. प्रश्न दीड लाखांचा होता.

पुण्याजवळच्या एका क्रॉस-कंट्री शर्यतीत आम्ही नावं घातली होती. माझ्याकडे ॲल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे पुढे सस्पेन्शन, मागे ठणठणगोपाळ. वजन 14.6 किलो. मित्राकडे कोरी करकरीत कार्बन, 9.8 किलो. त्याचा सल्ला साधा होता: तुझी विकून टाक, ईएमआयवर कार्बन घे. शर्यतीला तीन आठवडे उरले होते आणि घरी आधीच एक ईएमआय चालू होता. तेव्हा म्हटलं, माझ्या सायकलीतलं नेमकं किती वजन फालतू आहे ते आधी बघू. त्यासाठी हवा एक लांब चढ, थोडे दगडगोटे, भरपूर काटे आणि फुकटात राहायची सोय. बुलडाण्यात मामा राहतात. चारही गोष्टी एका जागी!

मामांनी सायकलींभोवती एक चक्कर मारली. मित्राच्या सायकलची किंमत ऐकली आणि म्हणाले, “काऊन भाचे, एवढ्या पैशात त दोन मोटरसायकली आल्या असत्या. अन् हिले ष्टँड बी नाही?”

मामा नकळत मुद्द्याचं बोलून गेले. वजन कमी करायची सुरुवात स्टँडपासूनच होते.

पण त्याआधी सायकल निवडण्याबद्दल. शोरूममधे आपण रंग बघतो, गिअर मोजतो, ‘27 स्पीड’ ऐकून भारावतो. शर्यतीसाठी घेत असाल तर गिअरचा आकडा विसरा आणि फ्रेम बघा. बाकी सगळं पुढे बदलता येतं, फ्रेम नाही. हेडट्यूब खाली रुंद होत जाणारी, म्हणजे टेपर्ड आहे का? असेल तर उद्या चांगला एअर फोर्क बसतो. मागच्या चाकात फ्रीहबवर चढवलेली कॅसेट आहे, की जुन्या पद्धतीचं फिरकीवर फिट होणारं फ्रीव्हील? फ्रीव्हील असेल तर गिअर सुधारायला गेलात की अख्खं चाकच बदलावं लागतं. रिम ट्यूबलेसला चालणारी आहे का? टायर आणि फ्रेममधे बोटभर तरी जागा आहे का? आणि सगळ्यात आधी, साइझ बरोबर आहे का? ‘सीट खाली करून देतो, होईल’ असं दुकानदार म्हणाला, की थँक्यू म्हणून बाहेर पडा.

फुल सस्पेन्शनचा मोह मात्र टाळा. स्वस्तातलं फुल सस्पेन्शन म्हणजे दोन किलो जास्तीचं लोखंड आणि प्रत्येक पॅडलला उंटासारखी डुलकी. बजेट मर्यादित असेल तर हार्डटेलच. रोड सायकलींना आंतरराष्ट्रीय संघटनेने 6.8 किलोंची किमान मर्यादा घातली आहे, माउंटन बाईकला तशी मर्यादाच नाही. त्यामुळे हलकं करत जाण्याच्या या खुळाला तळ नसतो. किथ बॉन्ट्रेगर या अमेरिकन सायकल बनवणाऱ्याच्या नावावर एक जुना हिशोब सांगतात, की मजबूत, हलकं आणि स्वस्त यातली कुठलीही दोनच निवडा. आपल्याकडे आपण तिन्ही मागतो आणि वर घासाघीसही करतो.

सराफाचा काटा

पहिल्या दिवशी मलकापूरहून मोताळ्यामार्गे राजूर घाट चढलो, सायकली जशा होत्या तशा. वेळ लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी बुलडाण्याहून बोथ्याच्या रस्त्याने खामगावला उतरलो. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. अस्वलं आहेत, बिबटे आहेत आणि 2019 मधे इथे एक खास पाहुणा येऊन गेला. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला तो तरुण वाघ 1300 किलोमीटरच्या वर चालून ज्ञानगंगात पोचला होता, तेही गळ्यात रेडिओ कॉलर वागवत. ग्रॅम ग्रॅम मोजणाऱ्यांनी जरा विचार करावा. आम्ही डांबर सोडलं नाही. अभयारण्यातल्या पायवाटा सायकलींसाठी नाहीत आणि अस्वलाला कार्बन-ॲल्युमिनियम सारखंच.

खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध. आमचा मामेभाऊ तिथे एका सराफी दुकानात आहे. दुपारच्या निवांत वेळी त्याने काट्यावरचं मखमली कापड बाजूला केलं आणि आमचे तेलकट पार्ट्स तोलायला घेतले. बाजूला चांदीचं ताट घ्यायला आलेल्या एक काकू आमच्याकडे बघतच राहिल्या.

स्टँड, रिफ्लेक्टर, मागच्या चाकातली प्लॅस्टिकची तबकडी, बाटलीचे दोन जाडजूड पिंजरे मिळून 450 ग्रॅम. काढायला खर्च शून्य! तारेच्या कडेचे टायर काढून घडीचे टायर घातले, दोन्ही मिळून 360 ग्रॅम कमी. आतल्या ट्यूब काढून सीलंट भरलं, आणखी 200. स्प्रिंगचा फोर्क होता तब्बल अडीच किलोंचा. त्याजागी हवेवर चालणारा सेकंडहॅण्ड फोर्क, 800 ग्रॅम गायब. पुढची तीन दातेरी चक्रं जाऊन एकच आलं, त्याबरोबर पुढचा डिरेलर, शिफ्टर आणि केबल गेली, साधारण 450. सोफ्यासारखी जेल सीट गेली, 150. सगळं मिळून 2.4 किलो. सायकल आली 12.2 वर.

गंमत काट्यापेक्षा बिलात आहे. प्रत्येक ग्रॅमला किती रुपये पडले ते काढा. स्टँडचा ग्रॅम फुकट. माझ्या टायरचा ग्रॅम 15 रुपयांना पडला. मित्राने टायटॅनियमचे बोल्ट घेतले होते, 40 ग्रॅम वाचवायला 2000 रुपये, म्हणजे ग्रॅमला 50. ते 40 ग्रॅम त्याने दुसऱ्या दिवशी शेगावच्या स्टेशनवर एका कचोरीत वसूल केले. दुसरी कचोरी बोनस.

फोर्क आणि टायर बसवायला खामगावातल्या एका सायकलवाल्याकडे बसलो. हत्यारं आमची, हात त्याचे. ट्यूबलेस त्याने कधी केलं नव्हतं. पण टायर रिमवर चढताना ‘फट्ट’ आवाज आला तेव्हा सगळ्यात जास्त खूश तोच झाला.

पाऊण मिनिट

मग परत मलकापूर आणि परत राजूर घाट. आता थोडं गणित, कंटाळू नका.

मी 71 किलो, सायकल 14.6, पाणी-बूट-हत्यारं धरून 3.4. एकूण 89. त्यातले 2.4 गेले, म्हणजे 2.7 टक्के. खड्या चढावर आपली बहुतेक ताकद गुरुत्वाकर्षणाशी भांडण्यात जाते, तेव्हा वेळही साधारण तेवढ्याच टक्क्यांनी कमी होतो. अर्ध्या तासाचा चढ धरला तर फार तर 45 सेकंद. मित्राची सायकल माझ्या मूळ सायकलपेक्षा 4.8 किलोंनी हलकी, त्याचा फायदा दीड मिनिट. दीड लाखांत दीड मिनिट! घड्याळात माझा फरक आला 1 मिनिट 10 सेकंदांचा. उरलेली 25 सेकंदं मागून आलेल्या वाऱ्याच्या खात्यात टाका.

थोडक्यात, सपाट चढावर ग्रॅम म्हणजे ग्रॅम, तो फ्रेममधे असो की पोटात. (मामींच्या हातचा ठेचा आणि भाकरी चार दिवस खाल्ल्यावर पोटाचा मुद्दा मी जास्त ताणत नाही.) पण शर्यतीचा ट्रॅक असा नसतो. वळण, ब्रेक, उडी, पुन्हा जोर. दर वेळी चाक नव्याने फिरवायचं. चाकाच्या परिघावरचं वजन पुढेही न्यावं लागतं आणि गरागरा फिरवावंही लागतं, त्यामुळे वेग घेताना ते जवळपास दुप्पट जाणवतं. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी टायर आणि रिम, मग फोर्क, आणि हँडलबारचे बोल्ट पुढच्या जन्मी.

उतारावर मात्र हलकेपणाचा भाव एकदम पडतो. मित्राच्या सायकलला छोट्या, जाळीदार ब्रेक डिस्क होत्या. राजूर घाट उतरताना अर्ध्यात त्याचा ब्रेक दाबला की लिव्हर हँडलपर्यंत जायला लागला. डिस्कला पाण्याचा थेंब लावला तर चर्र झालं. या खेळाची सुरुवातच अशी झाली आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 1976 मधे ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली. जुन्या, वीसेक किलोंच्या सायकली, पॅडल उलटं दाबून लागणारा ब्रेक. एका उतारात हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागायचं, म्हणून ते नाव. वीस वर्षांत, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमधे, माउंटन बायकिंग पदकाचा खेळ झाला. ब्रेक तापतात ते मात्र अजूनही. मी पुढे 180 मिलिमीटरची डिस्क ठेवली आहे. जड आहे, असू दे.

पांदण

खरी परीक्षा डांबर सोडल्यावर. विदर्भात शेताशेतातून जाणाऱ्या गाडीवाटेला पांदण म्हणतात. चिखलीच्या बाजूच्या एका पांदणीत आम्ही सकाळी शिरलो, मार्च महिना, दोघांकडे तीन-तीन लिटर पाणी. म्हणजे सायकलवरून कमी केलेले अडीच किलो आणि वर अर्धा किलो पाठीवर परत आले होते! बेसाल्टचे धारदार तुकडे, कडेला बाभूळ, आणि जमिनीवर सराटे. सराट्याचं बी कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो. पहिल्या तासात माझ्या टायरमधे अकरा निघाले. प्रत्येक काटा उपटला की पांढरा थेंब येई, टायर दोनदा फिरवला की बंद. सीलंटला मनातल्या मनात नमस्कार केला.

मित्राचे टायर रेसिंगचे होते, कागदासारख्या कडेचे. एका दगडाने ती कड बोटभर फाडली. बोटभर भोकाला सीलंट काय करणार? अकरा वाजले होते, जवळचं गाव दीड तास चालत, सावलीचं नाव नाही. आम्ही चालायला लागलो. मार्चच्या उन्हात क्लीटवाले बूट घालून मुरमावर चालणं काय असतं ते चालल्याशिवाय कळायचं नाही. माझी दुसरी बाटली संपली तेव्हा मित्राने गप्पा थांबवल्या होत्या.

एका शेतात हरभरा काढायचं काम चाललं होतं. शेतकरी काकांनी आधी माठातलं पाणी दिलं. मग सायकल एका बोटावर उचलून बघितली आणि निरागसपणे विचारलं, “एवढी हलकी हाय, त मंग तिच्यावर बसून काऊन नाही जात?”

उत्तर नव्हतंच. पण उपाय काकांकडे होता. ठिबकची जुनी नळी त्यांनी उभी चिरली, वीतभर तुकडा कापला. आम्ही तो टायरच्या आत फाटलेल्या जागी लावला आणि त्यावर माझ्याकडची जादा ट्यूब घातली. ती ट्यूब 220 ग्रॅमची. सकाळी मित्राने तिच्यावरून माझी भरपूर खेचली होती. त्याच नळीवर तो पुढचे दोन दिवस चालवत राहिला.

पावसाळ्यात आलात तर काट्यांची जागा काळी माती घेते. मागच्या सप्टेंबरात मी एकटा आलो होतो. शंभर मीटर गेलो नसेन, चाकं फिरायची थांबली. फोर्क, फ्रेम, टायर सगळीकडे मातीचा गारा गच्च. घरी खरवडून पिशवीत भरला आणि मामांच्या ताणकाट्याला लटकवला, साडेतीन किलो! टायर-फ्रेममधली ती बोटभर जागा मी वर का सांगितली, ते आता कळलं असेल.

शेवटच्या दिवशी लोणार. बुलडाण्याहून चिखली, मेहकर करत नव्वदेक किलोमीटर, सगळं डांबर. उल्केच्या आघाताने झालेलं ते 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर काठावर उभं राहिल्याशिवाय डोक्यात मावत नाही. 2020 च्या जूनमधे याचं पाणी गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी त्याला रामसर दर्जा मिळाला. आत अभयारण्य आहे, सायकल वर ठेवून पायी उतरा. गोमुखाची धार आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. दैत्यसूदनाच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं निवांत फिरून बघा, तासभर सहज जातो.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस मलकापूर आणि शेगाव दोन्हीकडे थांबते, सायकल लगेजमधे बुक करा आणि डिस्कवर पुठ्ठा बांधा. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो खरा, पण त्यावर सायकलला बंदी आहे. ट्यूबलेसचं सीलंट इकडे मिळेल या भरवशावर राहू नका, पुण्याहूनच घेऊन जा.

कार्बनचं कर्ज मी काढलं नाही. शर्यतीत मी 12.2 किलोंच्या सायकलवर उतरलो, तीनशे ग्रॅम जास्तीचे जाड कडेचे टायर घालून, म्हणजे खरं तर 12.5. मित्र माझ्या चार मिनिटं आधी पोचला. तो माझ्यापेक्षा वर्षभर जास्त सराव करतोय, आणि त्यानेही आता तेच टायर घातलेत.