आजीचा पाळणा आणि जपानी चित्रपट

डोंबिवली पूर्वेतील एका जुन्या चार मजली इमारतीत दर चैत्रात, महावीर जयंतीच्या आधीचे आठ दिवस, एक पाळणा गुणगुणला जाई. सांगली जिल्ह्यातील माहेराहून घरच्या आजीने तो आणला होता. पाळण्याचे शब्द एखाद्या जुन्या छापील पुस्तकात सापडतीलही. चाल मात्र कोठेच लिहिलेली नव्हती. ती आजीला तिच्या आईकडून मिळाली, आणि आईला तिच्या आईकडून. घरातील नात, वय सव्वीस, नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, ती चाल जन्मापासून ऐकत आली होती. आणि कदाचित म्हणूनच तिने ती कधी लक्ष देऊन ऐकली नव्हती.

नातीचे लक्ष त्या काळात जपानकडे लागले होते. महाविद्यालयात असताना मैत्रिणीने तिला ॲनिमे दाखविले आणि तिला त्याचे वेडच लागले. वडिलांच्या लेखी हे सारे ‘कार्टून’. “एवढी मोठी झालीस, अजून कार्टून बघतेस?” हा प्रश्न जेवणाच्या ताटावर ठरलेला असे. मौज अशी, की नव्वदच्या दशकात वडील स्वतः रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर ‘द जंगल बुक’ पाहत बसत. त्या मालिकेचे गुलजारांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाज यांनी स्वरबद्ध केलेले शीर्षकगीत त्यांना आजही पाठ आहे, शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज होता हेही ते अभिमानाने सांगतात. पण मूळ मालिका १९८९ सालची जपानी, हे लेकीने सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, “ते वेगळं होतं.”

नातीला सर्वांत जवळचा वाटला तो १९९५ सालचा ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’. दिग्दर्शक योशिफुमी कोंदो यांचा हा एकमेव पूर्ण लांबीचा चित्रपट. ते १९९८ मध्ये, अवघ्या ४७व्या वर्षी वारले. त्यात ना राक्षस, ना युद्ध. तोक्योच्या पश्चिमेकडील उपनगरात, इमारतींच्या दाटीत राहणारी एक शाळकरी मुलगी. एका प्रसिद्ध अमेरिकन गाण्याचे ती जपानीत रूपांतर करते आणि गंमत म्हणून आपल्या उपनगरातील काँक्रीटच्या रस्त्यांवर त्याचे विडंबनही रचते. व्हायोलिन बनवायला शिकणारा एक मुलगा तिला भेटतो. त्याला पाहून तीही गोष्ट लिहायला घेते. ती लिहून होते तेव्हा मुलाच्या आजोबांपुढे तिला रडू कोसळते, कारण गोष्ट चांगली झालेली नाही हे तिला कळते. आजोबा ते नाकारत नाहीत. गोष्ट ओबडधोबड आहे, पण खरी आहे, असेच ते मानतात.

डोंबिवलीच्या मुलीने हा प्रसंग किती वेळा पाहिला असेल, त्याला गणती नाही. नोकरी लागल्यापासून तिची चित्रकला बंद पडली होती. सकाळच्या गाडीत डोंबिवलीला पाय ठेवायला मिळाला तरी पुरे, चित्र कसले काढणार! पण त्या चित्रपटानंतर ती गर्दीत उभ्या उभ्या पाहू लागली. महिलांच्या डब्यात मटार सोलणारी बोटे, मुंब्र्याजवळ खिडकीत येणारा डोंगर, कळव्यानंतर खाडीवरून येणारा वारा आणि त्याने उडणारी ओढणी. जे दिसले ते दुपारच्या सुट्टीत, डबा खाऊन झाला की, खिशात मावेल एवढ्या वहीत उतरू लागले. बहुतेक चित्रे हातांचीच होती.

या हातांच्या चित्रांवरूनच तिला आजीच्या हातांकडे पाहावेसे वाटले. आजी पाळणा म्हणताना उजव्या हाताने न दिसणारी दोरी ओढत असे आणि प्रत्येक झोक्याच्या टोकाला हात क्षणभर थांबे. त्या थांबण्यात आवाजही थांबे. हायाओ मियाझाकी यांनी एकदा समीक्षक रॉजर एबर्ट यांना टाळ्या वाजवून दाखवले होते, की दोन टाळ्यांमध्ये जी मोकळी जागा राहते तिला जपानीत ‘मा’ म्हणतात; चित्रपटात ती नसेल तर नुसती धावपळ उरते. नातीने हे कल्याणच्या आत्याला सांगितले. आत्या पेटी शिकलेली. ती हसून म्हणाली, “अगं, आपल्याकडे त्याला खाली म्हणतात. आईचा पाळणा दादऱ्यात आहे. सहा मात्रा, चौथीवर खाली. तिथेच तर झोका वळतो.” काटेकोर पाहिले तर ‘मा’ आणि ‘खाली’ एक नव्हेत, पण त्या संध्याकाळी दोघींना तेवढा फरक मान्य होता.

मग ध्वनिमुद्रणाचे खूळ सुरू झाले. दर रविवारी नात आजीसमोर मोबाइल ठेवी, आजी गाई, आणि दर वेळी काही तरी बिघडे. कधी गाडीचा भोंगा, कधी शेजारच्या घरातील ड्रिल, कधी भाजीवाल्याची आरोळी. “परत करू या गं आजी, हे नीट नाही आलं.” आजी कुरकुर न करता परत गाई. फोन भरत आला की बिघडलेली मुद्रणे पुसली जात. स्वच्छ, निःशब्द पार्श्वभूमीवरचे एक मुद्रण हवे, असा नातीचा हट्ट होता. डोंबिवलीत रेल्वेमार्गापासून शंभर पावलांवर राहून असा हट्ट धरावा, हे तरुणपणालाच शोभते.

गेल्या पावसाळ्यात आजीला पक्षाघाताचा झटका आला. वेळीच उपचार मिळाल्याने जीव वाचला, हातपायही बरेचसे सुधारले. बोलणे मात्र अडखळत राहिले आणि वरचा स्वर गेला. रुग्णालयातून घरी आल्यावर नातीने फोन उघडून पाहिले. एकही मुद्रण शिल्लक नव्हते. त्या रात्री ती जेवली नाही.

एक मुद्रण अखेर आत्याकडे सापडले. कधीतरी एका शब्दाचा अर्थ विचारण्यासाठी नातीने ते व्हॉट्सॲपवर पाठविले होते. त्यात तिसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी वाजते. आत्याने त्यावरून चालीचे सरगम वहीत उतरविले. शेवटच्या ओळीवर मात्र वाद झाला. आत्याच्या आठवणीत ती ओळ षड्जावर टेकते. मुद्रणात आजी ऋषभावरच थांबते. आजीलाच विचारले, तेव्हा तिने हाताने दोरी ओढल्यासारखे केले आणि हसली. त्याचा अर्थ काय घ्यायचा, यावर दोघींचे अजून एकमत नाही.

सध्या नात त्या पाळण्यावर दीड मिनिटाची चित्रफीत करते आहे. ओसामु तेझुका यांनी १९६३ साली ‘तेत्सुवान ॲटम’ ही मालिका दर आठवड्याला देण्यासाठी चित्रांत काटकसर केली. तेव्हापासून जपानी दूरचित्रवाणीवर सेकंदाच्या चोवीस चौकटींसाठी बहुधा आठच चित्रे काढून भागविले जाते. त्या हिशेबानेही तिला ७२० चित्रे लागतात. रोज रात्री दोन-तीन होतात.

शिट्टी वाजते तेथे आजी ओळ अर्धी सोडून “गॅस बारीक कर गं” म्हणते आणि पुन्हा सूर धरते. तेवढा भाग कापावा, असे आत्याचे मत पडले. वडील वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करता ते म्हणाले, “ते राहू दे.” त्या सहा सेकंदांची ४८ चित्रे आहेत, अकरा झाली.