पराभव कोणाच्या खात्यावर?

सामना हरल्यावर दोष आघाडीच्या फळीचा की बचावाचा, हा हिशेब कबड्डीत मांडता येतो: चढाईचे गुण वेगळे, पकडीचे वेगळे. अमेरिकन फुटबॉलमध्ये तर चेंडू गेला की बहुतेक खेळाडूच बदलतात. आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये मात्र तेच अकरा जण दोन्ही कामे करतात. गुणतक्त्यात केलेले गोल आणि खाल्लेले गोल असे दोन रकाने असतात, म्हणून दोष वेगळा काढता येईल असा भास होतो, एवढेच.

या भासाचे ठळक उदाहरण गोव्यात सापडते. मडगावच्या फातोर्डा मैदानावर खेळणाऱ्या एफसी गोवा संघाने प्रशिक्षक सर्जिओ लोबेराच्या हाताखाली २०१७-१८ च्या इंडियन सुपर लीगमध्ये साखळीच्या १८ सामन्यांत ४२ गोल केले. त्यांतले १८ आघाडीच्या एकट्या कोरोचे. खाल्लेले गोल २८. चेन्नईयिन संघाने २४ च केले, पण १९ च खाल्ले. त्यांनीच उपांत्य फेरीत गोव्याला दोन लढतींत मिळून ४-१ ने हरवले आणि करंडकही नेला.

यावरून बचाव ढिसाळ ठरवणे सोपे आहे. पण चेंडू ताब्यात असताना लोबेराचे दोन्ही बगलांचे बचावपटू पार पुढे चढत. पुढे तर मंदार राव देसाई या मूळच्या आघाडीच्या खेळाडूलाच लोबेराने डाव्या बगलेवर मागे आणले. ही चढाई ४२ गोलांना बळ देत होती, आणि तिच्यामागे सुटणारी जागा प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिहल्ल्यांना. बगला बंद ठेवल्या असत्या तर २८ चा आकडा घटला असता, पण ४२ चाही घटला असता.

म्हणून जाणता प्रशिक्षक गोल खाल्ल्याचे चित्रण जाळीपाशी थांबवत नाही, चेंडू हातचा गेला त्या क्षणापर्यंत मागे नेतो. पुष्कळदा तिथे आघाडीच्या खेळाडूचा आंधळा पास असतो, किंवा चेंडू गमावल्यावर लगेच दबाव न टाकता कमरेवर हात ठेवून उभे राहणे असते. बोल मात्र शेवटी हुकलेल्या बचावपटूलाच लागतो.

लोबेराच्या आधीचेही उदाहरण आहे. २० डिसेंबर २०१५ च्या लीगच्या अंतिम सामन्यात फातोर्ड्यावर चेन्नईयिनविरुद्ध ८७ व्या मिनिटाला गोवा २-१ ने पुढे होता. मग गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल लागला, भरपाईच्या वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने गोल केला आणि चेन्नईयिन ३-२ ने जिंकले. दोन गोल करूनही हरणे हा वरवर बचावाचाच गुन्हा. पण उरलेली मिनिटे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात अडकवून ठेवण्याचे काम पुढच्यांचे असते, हे खाल्लेल्या गोलांच्या रकान्यात येत नाही.

१७ मार्च २०१९ चा मुंबईतला अंतिम सामना याच्या उलट. बेंगळुरूकडून मुंबईच्याच राहुल भेकेने ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून हेडर मारला आणि गोवा ०-१ ने हरला. इथे बचावाला दोष देणे अन्यायाचे आहे: १२० मिनिटांत एकही गोल न करणारा संघ फार तर पेनल्टींपर्यंत पोहोचतो. गोव्याचा अहमद जाहू लाल कार्ड घेऊन बाहेर गेल्याने संघ दहांवर आला होता. तो मध्यफळीचा, म्हणजे दोन्ही रकान्यांबाहेरचा.

२०१९-२० मध्ये गोव्याने साखळीत ४६ गोल करून अव्वल स्थान मिळवले. लोबेराला मात्र साखळी संपण्याआधीच काढले गेले होते. उपांत्य फेरीत चेन्नईयिनविरुद्ध चेन्नईत १-४ हार झाली, फातोर्ड्यावर ४-२ जीत, एकूण ५-६. फातोर्ड्यावरच्या त्या चार गोलांपैकी दोन मुर्तदा फॉल या मधल्या बचावपटूचे, एक मध्यफळीतल्या एदू बेदियाचा आणि एक चेन्नईयिनच्याच लुसियन गोयानचा स्वयंगोल. आघाडीच्या फळीचा त्यांत एकही नव्हता.