आमेनच्या आधी

चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना करणाऱ्याचं बोलणं दोन ठिकाणी ऐकलं जातं. ज्याच्याशी बोलायचं तो तर ऐकतोच. पण समोर सतरंजीवर डोळे मिटून बसलेली माणसंही ऐकत असतात. पेडगावच्या गुरुजींचं सगळं भांडण या दुसऱ्या श्रोत्यांशी आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरसभेत, आजाऱ्याच्या खाटेपाशी, साखरपुड्यात, बोअर मारायच्या आधी प्रार्थना त्यांनीच करायची, असा रिवाज पडला होता. पाळक लांब राहतात. त्यांना दर वेळी जमत नाही.

आता घसा बसला. परभणीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि आवाजाला विश्रांती सांगितली. तेव्हापासून त्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक कॉलेजचा पोरगा पुढे उभा राहतो, आणि गुरुजी भिंतीला टेकून मागे बसतात.

मागून फार ऐकू येतं. पोरगा दर वाक्याला ‘प्रभू’ म्हणतो. पुढचं वाक्य सुचेपर्यंत तेवढाच वेळ मिळतो. आजाऱ्याचं नाव घेण्याआधी तो थोडा थांबतो. मग घरातल्यांची नावं मानाप्रमाणे येतात, कारण एक जरी राहिलं तरी चहाच्या वेळी तोंडं वाकडी होतात. शेवटची दोन वाक्यं राहिली की आवाज खाली येतो, आणि तो खाली आला की लहान पोरं डोळे न उघडता पायानं चपला चाचपायला लागतात. ही सगळी गुरुजींचीच लकब. मानवतच्या एका घरी पोराची प्रार्थना तिसऱ्या वाक्यावर आली आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गुरुजींना राग आला. पोरगा ढोंग करतोय असं त्यांना वाटलं नाही. त्या जागी आजवर बायका रडायच्या त्या त्यांच्यामुळे, म्हणून राग आला. हे ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना फारसे शरमत नाहीत.

खरी अडचण त्याच्याही पलीकडची आहे. कळकळ खरी असली तरी ती शब्दांत आली की चांगली दिसते, आणि चांगली दिसली की करणाऱ्याला कळतं. कळलं की पुढच्या बुधवारच्या घरसभेत तेच वाक्य आपोआप तोंडात येतं. येशूनं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं. पण ज्या घरात एकच खोली आणि त्यात पंधरा माणसं, तिथं दार कुठं लावायचं? लूकच्या अठराव्या अध्यायातला, मंदिरात स्वतःचीच थोरवी सांगणारा परुशी सगळ्यांनाच हास्यास्पद वाटतो. गुरुजींना तो ओळखीचा वाटतो. त्याच दृष्टांतातल्या जकातदाराबद्दल मात्र त्यांची एक शंका आहे: छाती बडवून घेणारा तो माणूस दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मंदिरात आला असेल, तेव्हा त्यानं छाती तशीच बडवली असेल का?

गेथशेमाने बागेत दुसऱ्या श्रोत्यांचा प्रश्न नव्हता. तिथं येशूनं तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारले, आणि पेत्र, याकोब, योहान हे ऐकणारे तिघंही झोपले होते. (मग शब्द लिहून कोणी ठेवले, असं गुरुजींच्या मनात येतं, पाळकांना ते विचारत नाहीत.)

घसा बसल्यापासून त्यांच्या डोक्यात जुन्या करारातली हन्ना घोळते आहे. शिलोच्या मंदिरात ती मूल मागत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दारापाशी बसलेल्या एली याजकाला वाटलं, बाई दारू पिऊन आली आहे. हन्नाच्या गोष्टीवर प्रवचनं खूप होतात, ती बहुतेक हन्नावर. गुरुजींना त्यात एली दिसतो. हयातभर प्रार्थनेचा धंदा केलेला माणूस, आणि समोरची प्रार्थना त्याला ओळखता आली नाही, का तर ती ऐकू आली नाही.

मराठवाड्यात अशा चारचौघांतल्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या परंपरेचं नाव काढायचं तर पेडगावहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या जालन्याचं काढावं लागतं. 1843मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री निजामाच्या राज्यात जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. 1873मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत त्यांचं भाषण झालं. तिकडची सभा गाजवणारा माणूस बेथेलच्या मातीच्या घरात गुडघे टेकत असेल, तेव्हा त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत असेल का? गुरुजींच्या मते नक्की येत असेल. चांगल्या वक्त्याची त्यातून सुटका नसते.

कवी ना. वा. टिळकांचा गुरुजींना हेवा वाटतो. 1895मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, आणि त्यांची भजनं आजही ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून चर्चमध्ये गायिली जातात. शंभर वर्षांहून जुने शब्द, तरी शिळे वाटत नाहीत. आणि गुरुजींनी उत्स्फूर्त म्हणून केलेली प्रार्थना दोन बुधवारांत शिळी होते. याचं कारण त्यांनी आपल्यापुरतं शोधलं आहे. दुसऱ्याचे शब्द म्हणताना आपली हुशारी मध्ये येत नाही. शिवाय टिळक तुकोबांच्या अभंगांवर पोसलेले. देवाशी बोलताना सभ्यपणा पाळायचा नसतो, हे ते तिथून शिकून आले. याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई जात्यावर बसून विठोबाशी बोलली, प्रसंगी त्याच्याशी भांडलीही. आपल्या घरसभेत देवाशी कोणी भांडत नाही. सगळे अर्ज दिल्यासारखे बोलतात, सोयाबीनचा भाव, पोरीची ‘नीट’ परीक्षा, पीककर्ज, खाली ‘आपला नम्र’ तेवढं राहतं.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मात्र वेगळंच घडलं होतं. जानेवारी 1905मध्ये पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनातल्या मुलींना रोज प्रार्थनेला येण्याचं आवाहन केलं. सुमारे 70 जणी आल्या. जूनअखेर ही संख्या 550च्या घरात गेली. दिवसातून दोनदा जमायच्या. मग त्या एकाच वेळी, सगळ्या मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. बाहेरच्यांना तो गोंगाट वाटला, आणि काही ख्रिस्ती लोकांनीही नाकं मुरडली. गुरुजींना त्यात एक सोय दिसते: 550 जणी एकदम बोलत असताना कोणाचीच प्रार्थना कोणाला ऐकू येत नाही. दुसरा श्रोता नाहीसा होतो. दार लावलेली खोली ती, फक्त भिंती आवाजाच्या.

आजच्या सभांमध्येही सगळे एकदम बोलतात, असं पोरगं त्यांना सांगतं, मोबाइलवर दाखवतंही. त्यावर गुरुजी खवळतात. गोंगाटाला त्यांची हरकत नाही. हरकत माइकला आहे. हजार माणसं बोलतात आणि त्यांच्या डोक्यावर एकाच माणसाचा आवाज बसतो, खाली कीबोर्डचा सूर धरलेला. हजारांना आडोसा मिळतो. माइकवाल्याला मिळतो जगातला सगळ्यात मोठा दुसरा श्रोता, वर यूट्यूबवरचा. हे बोलताना आपणही तसा माइक सोडला नसता, हे त्यांना ठाऊक असतं. पेडगावात कोणी दिलाच नाही.

परवा एका म्हाताऱ्या बाईंच्या खाटेपाशी पोरगं आलं नव्हतं. गुरुजींनी तिचा हात धरला आणि गप्प बसले. घरातले वाट बघत राहिले. सुनेनं एक डोळा उघडून पाहिलं. कितीतरी वेळानं मुलगा म्हणाला, “गुरुजी, सुरू करा ना.” तेव्हा त्यांचं अर्धं झालं होतं. अर्धंच, कारण उरलेला वेळ सून काय म्हणत असेल याचा विचार करण्यात गेला. आवाज गेला तरी दुसरा श्रोता गेला नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि घरी येताना ते चांगलेच वैतागले होते.

पोराला त्यांनी एवढंच सांगितलंय की आजाऱ्याचं नाव घेण्याआधी थांबू नकोस. ज्यांच्या सभांना माइक आहे त्यांनाही त्यांची एक विनंती आहे: एखाद्या बुधवारी तो बंद ठेवा, सगळ्यांना एकदम बोलू द्या, आणि पुढं उभ्या असलेल्या माणसालाही खाली सतरंजीवर बसवा.